महाविद्यालयाची चूल

इसवी सन १९०१ मध्ये, परस्परांची गंधवार्ताही नसलेल्या दोन ठिकाणी, एकाच दुखण्यावर दोन निरनिराळे उपाय योजले गेले. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागो शहराच्या नैर्ऋत्येस, चुनखडीच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांवर पोसलेल्या जोलिएट या गावी, तेथील हायस्कुलाचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्याशी विचारविनिमय करून महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण आपल्याच शाळेत देण्यास आरंभ केला. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते अवघे सहा. त्याच वर्षी इकडे करवीरात शाहू छत्रपतींनी, शिकण्यासाठी खेड्यांतून कोल्हापुरास येणाऱ्या मुलांची राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणून व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले, आणि जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहू लागली. दुखणे एकच होते. विद्या एका गावी, विद्यार्थी दुसऱ्या गावी, आणि मधले अंतर ओलांडण्याची ऐपत विद्यार्थ्याच्या बापापाशी नाही. जोलिएटने विद्येस विद्यार्थ्याच्या घराजवळ नेले. कोल्हापुराने विद्यार्थ्याचे घरच उचलून विद्येच्या दाराशी आणले.

जोलिएटच्या उपायास आरंभी ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणत. पुढे अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४६ मध्ये नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाचा अहवाल डिसेंबर १९४७ मध्ये प्रसिद्ध होऊ लागला, तेव्हा त्यात ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाचा आग्रहाने पुरस्कार केलेला होता, आणि तेव्हापासून त्या देशात ते नाव रूढ झाले. आपल्याकडील शिक्षणखात्यांनी हे नाव पुष्कळ उशिरा, परदेशी पाहुण्यासारखे, आदराने घरात घेतले. परंतु अमेरिकेचा तो अहवाल बाहेर पडण्यापूर्वी सहा महिने, जून १९४७ मध्ये, साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले होते. आणि समाजाचे महाविद्यालय या शब्दांचा जो अर्थ आयोगाने कागदावर मांडला, त्याहून एक पाऊल पुढचा अर्थ त्या कॉलेजाने प्रत्यक्षात उतरविला होता. माझे म्हणणे असे की, आपल्याकडे हे समाजाचे महाविद्यालय हायस्कुलाच्या वर्गातून निघाले नाही, ते वसतिगृहाच्या चुलीतून निघाले. आणि ज्या मानाने ती चूल आपण विझू दिली, त्या मानाने ते समाजाचेही उरले नाही.

हे म्हणणे नीट समजावे म्हणून थोडे मागे जावे लागेल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन सादर केले, त्यातील मुख्य तक्रार जमाखर्चाची होती. सरकारच्या तिजोरीत पडणारा पैसा मुख्यत्वे कोठून येतो, तर शेतकऱ्याच्या घामातून. आणि शिक्षणाच्या नावाने तो खर्च कोणावर होतो, तर ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख आहे अशा वरिष्ठ वर्गांवर. जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून शेतकऱ्याकडून वसूल होत असे आणि त्याचा एक हिस्सा शिक्षणाकडे लावण्याची वहिवाट होती. तरीही ज्या गावातून तो आणा जाई, त्या गावात शाळा असेलच असा भरवसा नव्हता. फुल्यांनी त्या वेळी सरकारकडे मागणे मागितले ते प्राथमिक शिक्षणाचे, कारण ज्याच्या पायाखाली पहिली पायरीच नाही त्यास गच्चीचे वर्णन ऐकवून काय उपयोग? परंतु त्या निवेदनात एक गर्भित प्रश्न होता आणि तो पुढे पासष्ट वर्षे तसाच उभा राहिला: ज्या महाविद्यालयाचा खर्च रयत भरते, ते महाविद्यालय रयतेचे केव्हा होणार?

‘रयत’ हा शब्दच विचार करण्यासारखा आहे. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला आणि मुसलमानी अमदानीपासून आपल्या दप्तरांत रुजलेला हा शब्द. जो कसतो, जो सारा भरतो, जो हुकूम ऐकतो, तो रयत. कौलनाम्यांत आणि ताकिदपत्रांत रयतेचा उल्लेख येतो तो बहुधा कर्माच्या स्थानी: रयतेस दिलासा द्यावा, रयतेस तोशीस लागू देऊ नये, रयतेकडून बाकी उगवावी. क्रियापदाचा कर्ता म्हणून ती क्वचितच येते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या सुमारास, कराडनजीकच्या काले या गावी भाऊरावांनी आपल्या संस्थेस ‘रयत शिक्षण संस्था’ हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दाची विभक्तीच पालटली असे मला वाटते. रयतेस शिक्षण द्यावे असा त्याचा अर्थ नव्हता. रयतेने आपले शिक्षण आपण उभे करावे असा होता. संस्थांच्या नावांत अर्थ शोधणे हा कित्येकदा वायफळ उद्योग असतो, परंतु या नावात पुढची चाळीस वर्षे अक्षरशः भरलेली आहेत.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. कोल्हापुरास ते शिकावयास राहिले, जैन बोर्डिंगात राहिले आणि शाहू महाराजांच्या सहवासात आले. स्वतः पदवीधर होणे त्यांच्या नशिबी नव्हते. आणि ज्याने पुढे महाविद्यालये काढली त्या पुरुषाचे हे अपुरेपण माझ्या मते त्याच्या कार्याची खरी किल्ली आहे. उदरनिर्वाहासाठी त्यांनी जी कामे केली त्यांत किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची विक्री हे एक होते. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते, अशी तेव्हा शेतकऱ्यांत समजूत होती. तेव्हा नांगर विकणे म्हणजे गावोगाव हिंडून, चावडीवर बसून, बांधावर उभे राहून, शंकेखोर माणसाशी धीराने बोलणे. कोणत्या घरी बैलजोडी आहे, कोणत्या घरी ती गहाण पडली आहे, कोणाचा मुलगा चुणचुणीत आहे आणि तो शाळा सोडून गुरांमागे का गेला, हे सारे त्या फिरस्तीत त्यांना कळले असले पाहिजे. अमेरिकेत ब्राउन आणि हार्पर यांनी शिक्षणाचा विचार केला तो शिक्षणखात्याच्या आतून, अभ्यासक्रमाची आखणी करीत; भाऊरावांनी तो केला बांधावरून. त्यामुळे पहिल्या दोघांना आधी वर्ग दिसला, आणि भाऊरावांना आधी भाकरी दिसली.

संस्थेचे काले येथील वसतिगृह लहान होते. १९२४ मध्ये साताऱ्यास जे वसतिगृह निघाले तेच पुढे शाहू बोर्डिंग म्हणून प्रसिद्धीस आले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी तेथे येऊन त्याचा नामकरणविधी केला. या वसतिगृहाची ख्याती कशाने झाली? मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशी सर्व मुले तेथे एका पंक्तीत जेवत, एका चुलीवर शिजलेले खात, आणि ती चूल पेटती ठेवण्याचे काम, म्हणजे पाणी भरणे, लाकूड फोडणे, दळणे, भाजी पिकविणे, भाकरी थापणे, हे सर्व पाळीपाळीने तीच मुले करीत. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, यावर ज्या जिल्ह्यात गावेच्या गावे विभागलेली होती, तेथे ही चूल म्हणजे एक प्रकारचा जाहीरनामाच होता. फरक इतकाच की तो वाचून दाखविण्याची गरज नव्हती, दोन्ही वेळा तो पोटात जात असे.

या चुलीवरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. वसतिगृहात धान्य संपले, उधारी थकली आणि भाऊराव फिरतीवर असले, अशा दिवसांत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने एकेक करून मोडले आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी दिले. त्या १९३० मध्ये वारल्या. हायस्कूल नाही, कॉलेज नाही, यांतले काहीच त्यांनी पाहिले नाही. आपल्याकडे या प्रसंगाचे वर्णन करताना त्यागाची भाषा फार सैल होते आणि बाईंना देव्हाऱ्यात बसवून आपण मोकळे होतो. मला यात त्यागाइतकेच हिशेबाचे दर्शन घडते. ज्या बाईने मुलांची जात न विचारता त्यांच्या पोटाचा हिशेब मांडला आणि तूट आपल्या अंगावरून भरून काढली, ती त्या संस्थेची पहिली खजिनदार होती, आणि तिचा उल्लेख त्याच नात्याने झाला पाहिजे.

आता मुख्य वादाच्या मुद्द्यास येतो. महाविद्यालय चालविण्यास पैसा लागतो आणि तो तीनच दारांतून येऊ शकतो: सरकार, श्रीमंत दाते आणि विद्यार्थी. १८८५ मध्ये पुण्यास फर्ग्युसन कॉलेज निघाले तेव्हा त्याच्या संस्थापकांनी अल्प वेतनावर आयुष्य वेचण्याची प्रतिज्ञा केली, आणि ती गोष्ट वंदनीय आहे. परंतु मोठ्या रकमा आल्या त्या संस्थानिकांकडून, नाव दिले गेले ते गव्हर्नराचे, आणि विद्यार्थी आले ते फी भरू शकणाऱ्या घरांतून. मुंबईस एल्फिन्स्टन, सांगलीस विलिंग्डन. नावांची ही यादीच आपल्या उच्च शिक्षणाच्या आश्रयदात्यांची वंशावळ सांगते. भाऊरावांनी चौथे दार उघडले. गावोगावच्या आयाबायांनी रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूस काढून ठेवावे आणि ते वसतिगृहास पोचवावे, अशी मुष्टिफंडाची पद्धत त्यांनी रूढ केली. ज्याच्या घरी रोकड वर्षातून एकदा, सुगीनंतर, दिसते आणि तीही सावकाराकडे जाताना दिसते, त्याच्याकडे वर्गणी मागणे म्हणजे त्याचा अपमान करणे. परंतु त्याच्याच बायकोकडे मूठभर जोंधळे मागणे म्हणजे तिला संस्थेची भागीदार करणे होय. मूठ लहान असते म्हणून कोणी नाही म्हणत नाही, आणि रोज काढावी लागते म्हणून कोणी विसरत नाही. हजार रुपयांची देणगी देणारा दाता वर्षातून एकदा पाहुणा म्हणून येतो; मूठ काढणारी बाई संस्थेची आठवण दररोज पहाटे जात्यापाशी करते. ज्या घरातून धान्य गेले त्या घराचा त्या वसतिगृहावर हक्क पोचला, मग त्या घरचे पोर तेथे शिकत असो वा नसो. समाजाचे महाविद्यालय कशास म्हणावे याची दुसरी व्याख्या मला ठाऊक नाही.

येथे ‘समाज’ या आपल्या शब्दाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण या शब्दात एक फसवणूक दडलेली आहे. खेड्यातला माणूस ‘आमचा समाज’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा जात असते. शाहू महाराजांची वसतिगृहे जातवार होती आणि त्या काळी ती तशी असण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रत्येक जातीने आपापल्या मुलांचा भार उचलावा, म्हणजे निदान मुले तरी शहरात येतील, हा त्यातला व्यवहार होता. कोल्हापुरात राहून भाऊरावांनी ती पद्धत आतून पाहिली, तिचे ऋण मानले, आणि तिच्यातून बाहेर पडून सर्वांची एक चूल मांडली. मे १९४७ मध्ये पंढरीच्या विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. त्यानंतर महिन्याभरात साताऱ्यास जे कॉलेज उघडले, त्याच्या पाठीशी दोन तपांहून अधिक काळ चाललेली सहभोजनाची वहिवाट होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे साताऱ्याच्या प्रयोगाची थोरवी ध्यानात येते. ‘समाज’ या शब्दातील जातीचा अर्थ पुसून त्या जागी शेजाऱ्याचा अर्थ लिहिण्याचे काम त्या स्वयंपाकघरात झाले. ते काम पुरे झाले असे मी म्हणणार नाही; आज महाराष्ट्रात ‘अमक्या समाजाचे कॉलेज’ हे शब्द सर्रास ऐकू येतात आणि ऐकणाऱ्यास त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही.

१९१९ पासून १९४७ पर्यंतचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम वसतिगृह निघाले. मग १९३५ मध्ये प्राथमिक शिक्षक तयार करण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले. त्या शिक्षकांच्या बळावर, जेथे सरकारी शाळा पोचली नव्हती अशा खेड्यापाड्यांतून शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडल्या. त्या शाळांतून वर आलेल्या मुलांसाठी १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल स्थापन झाले, जेथे श्रमाच्या मोबदल्यात विनामूल्य शिकता येई. आणि त्या हायस्कुलातून बाहेर पडणाऱ्या मुलाने आता पुण्यामुंबईस कसे जावे, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा, अठ्ठावीस वर्षांनी, कॉलेज आले. कॉलेज हे त्या झाडाचे फळ होते. हल्ली आपण फळ आधी विकत आणतो आणि मग त्याला चिकटविण्यासाठी झाड शोधतो: जागा मिळते, इमारत होते, संलग्नतेचा कागद येतो, आणि शेवटी प्राध्यापकांस विद्यार्थी गोळा करण्यासाठी गावोगाव पाठविण्यात येते.

नव्या कॉलेजापाशी भव्य असे काहीही नव्हते. साताऱ्यास पूर्वी छत्रपतींची गादी होती, किल्ला होता, जिल्ह्याची कचेरी होती, आणि नुकताच प्रतिसरकारचा वणवा त्या जिल्ह्यातून जाऊन त्याची धग मनामनांत शिल्लक होती. परंतु डोंगराळ गावांतल्या मुलास पदवीपर्यंत नेणारी वाट तेथून निघत नव्हती. ती वाट मुलांनी स्वतः, शब्दशः, फोडली. माळ खणून शेत करणे, दगड फोडणे, भाजीपाला पिकविणे, बांधकामावर हाताखाली राबणे ही कामे अभ्यासाइतकीच दिनक्रमाचा भाग होती, आणि त्या श्रमांतच विद्यार्थ्याची फी आणि जेवण फिटत असे. हेच पुढे ‘कमवा आणि शिका’ या नावाने महाराष्ट्रभर गाजले. कॉलेजास शिवछत्रपतींचे नाव दिले ते विचारपूर्वक दिले. नाव बदलण्याच्या अटीवर एक मोठी देणगी चालून आली असता भाऊरावांनी ती परत पाठविली, ही हकीकत सातारा भागात अजूनही सांगतात; आणि गरज किती निकडीची होती हे ज्यास ठाऊक आहे, त्यास त्या नकाराचे वजन कळेल. देणगीदाराचे नाव दारावर चढले असते तर मुष्टिफंड देणाऱ्या हजारो घरांचे नाव त्याच क्षणी उतरले असते.

या पद्धतीवर त्या वेळी एक गंभीर आक्षेप घेतला गेला आणि आजही घेतला जातो. महाविद्यालयीन विद्या निवांतपणाची अपेक्षा करते. दिवसाचे काही तास कुदळ मारणारा मुलगा रात्री शेक्सपिअर किंवा भवभूती उघडील तेव्हा त्याचे डोळे मिटणार नाहीत काय? हा आक्षेप खोटा आहे असे मी म्हणत नाही. श्रमाने शरीर थकते आणि थकलेले शरीर वाचू शकत नाही, हे सत्य आहे. पुस्तकावर डोके टेकून झोपी गेलेली मुले त्या वसतिगृहांत पुष्कळ असतील. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन याच कॉलेजात त्यांनी शिकविले आणि पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, असे उत्तर देता येईल. परंतु एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही, आणि असामान्य माणसाच्या यशावर सामान्य मुलाचे कष्ट झाकणे मला प्रशस्त वाटत नाही. खरे उत्तर निराळे आहे. आक्षेप घेणारा मनात तुलना करतो ती कुदळ मारणारा मुलगा आणि ग्रंथालयात बसलेला मुलगा यांची. प्रत्यक्षात त्या मुलापुढे असलेला पर्याय ग्रंथालयाचा नव्हता. त्याच्यापुढे होते दुसऱ्याची गुरे राखणे, सालगडी राहणे, किंवा मुंबईस जाऊन गिरणीत बदलीवर लागणे. कुदळ त्याच्या हातात भाऊरावांनी दिलेली नव्हती. ती जन्माबरोबर आली होती. भाऊरावांनी तिच्या जोडीस पुस्तक ठेवले.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. फुकट मिळालेल्या शिक्षणात देणारा आणि घेणारा असा भेद राहतो. घेणारा कृतज्ञ असला पाहिजे अशी अपेक्षा राहते. आणि कृतज्ञतेची सक्ती ही तरुण मनास फार कडू वाटते. ज्या मुलाने आपल्या वर्गाची भिंत स्वतः रचली, त्याला कोणापुढे मान लववावी लागत नाही. कर्मवीरांना विनामूल्य शिक्षण हवे होते, धर्मादाय शिक्षण नको होते.

याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्या टोकाकडून त्याच प्रश्नास भिडत होते. १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने त्यांनी १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ कॉलेज उघडले आणि दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली. १९५० मध्ये औरंगाबादेस, निजामी अमलाखाली शिक्षणात फार मागे पडलेल्या मराठवाड्यात, त्यांनी जे कॉलेज काढले ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मुंबईच्या चाकरमान्यापाशी भाकरी होती, वेळ नव्हता. म्हणून तेथे कॉलेजाचे घड्याळ बदलावे लागले. साताऱ्याच्या मुलापाशी भाकरी नव्हती; म्हणून येथे चूल मांडावी लागली. विद्यार्थ्याच्या परिस्थितीप्रमाणे संस्थेने वाकावे, संस्थेच्या सोयीप्रमाणे विद्यार्थ्याने मोडू नये, हे या दोघांनाही उमगले होते.

स्वातंत्र्य आले आणि कॉलेज पुरते वर्षाचे होते न होते तोच संस्थेवर मोठे संकट ओढवले. मुंबई सरकार आणि भाऊराव यांच्यात वितुष्ट येऊन संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. शेकडो शाळांचे शिक्षक, वसतिगृहांतली मुले, नवजात कॉलेज, सारेच अधांतरी झाले. त्या काळात शिक्षकांनी पगाराचा आग्रह सोडला, गावांनी धान्य पाठविले, लोकांनी वर्गणी दिली, आणि संस्था कोसळली नाही. अखेरीस गाडगेमहाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली आणि अनुदान पूर्ववत झाले. १९५४ मध्ये कराडास संस्थेचे दुसरे कॉलेज निघाले त्यास सद्‌गुरू गाडगेमहाराजांचे नाव दिले गेले. या प्रकरणात बरोबर कोण आणि चूक कोण, हा वाद आता इतिहासाचा झाला. त्यातला धडा मात्र इतिहासजमा होऊ नये असे मला वाटते: अनुदान बंद झाल्यावर संस्था उभी राहिली, कारण तिचा एक पाय अजून गावाच्या कणगीत होता.

पुढे दोन्ही पाय तिजोरीत गेले. हे एकट्या या संस्थेविषयी मी म्हणत नाही. महाराष्ट्रातील शेकडो ग्रामीण महाविद्यालयांची ही गत आहे. शिक्षकांस नियमित आणि पुरेसे वेतन मिळू लागले ही अत्यंत इष्ट गोष्ट झाली. अर्धपोटी गुरुजनांच्या त्यागावर समाजाने कायम विसंबावे हा मूर्तिमंत अन्याय होय, आणि जुने दिवस परत यावेत असे म्हणणाऱ्यांत मी नाही. परंतु वेतन सरकारने घेतले त्याबरोबर मूठ मागण्याचे कारण सरले, आणि मूठ मागण्याचे सरले त्याबरोबर गावात जाण्याचेही सरले. ‘कमवा आणि शिका’ आता विद्यापीठांच्या योजनांच्या यादीत आहे. त्याखाली विद्यार्थी कार्यालयात वा ग्रंथालयात काही तास काम करतो आणि तासाप्रमाणे मानधन घेतो. त्याने त्यास मदत होते, ती व्हावी. मात्र भाऊरावांच्या विद्यार्थ्याने केलेल्या श्रमाने संस्था घडत होती, आजच्या विद्यार्थ्याच्या श्रमाने रजिस्टर भरते. हा फरक लहान नाही.

आणि एक उणीव मूळ प्रयोगातच होती, तीही सांगितली पाहिजे. मंगळसूत्र देणारी बाई होती, मूठ काढणाऱ्या बायाच होत्या, परंतु त्या चुलीभोवती बसून कॉलेजात जाणाऱ्यांच्या कथेत मुलीचे नाव विरळाच भेटते. जिने धान्य दिले तिच्या लेकीस तिच्या लेकापेक्षा कितीतरी उशिरा वाट मिळाली. ते कर्ज अजून पुरते फिटलेले नाही; आज खेड्यातल्या मुलीचे कॉलेज सुटते ते बहुधा बुद्धीच्या कमतरतेने सुटत नाही, संध्याकाळच्या एस.टी.ने आणि तालुक्याच्या गावी राहण्यास सुरक्षित खोली नसल्याने सुटते. म्हणजे १९०१ चे दुखणे, विद्या एका गावी आणि विद्यार्थिनी दुसऱ्या गावी, शतक उलटले तरी जागचे हललेले नाही.

९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ आता साताऱ्यास स्थापन झाले असून १९४७ चे ते कॉलेज त्याचा घटक आहे. ग्रामीण महाविद्यालयांचा कारभार आज ज्यांच्या हाती आहे, ते संचालक, प्राचार्य आणि प्राध्यापक यांस माझी एक विनंती आहे. गेल्या वर्षी ज्या मुलामुलींनी आपल्या कॉलेजात नाव घातले आणि दिवाळीच्या सुटीनंतर जी परत आली नाहीत, त्यांची यादी हजेरीपटावरून काढावी; येत्या जूनपूर्वी त्या प्रत्येकाच्या घरी स्वतः जावे, ओसरीवर बसावे आणि शिक्षण का सुटले ते विचारावे; जे उत्तर मिळेल ते दप्तरात लिहून ठेवावे. आणि त्या उत्तरांत खोलीचे भाडे व दोन वेळचे जेवण हेच कारण वारंवार आले, तर नव्या इमारतीचा नकाशा तूर्त बाजूस ठेवून गावाकडे पुन्हा धान्य मागावे. गाव नाही म्हणणार नाही.